गंजलेला नट आणि इम्पॅक्ट गन

मृग जवळ आला की परभणी जिल्ह्यात गावोगावच्या अंगणांत आणि आखाड्यांवर ट्रॅक्टरची अवजारे उघडून पडलेली दिसतात. रोटाव्हेटर लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला असतो. एकजण खालून बोल्टचे डोके पान्याने धरून बसतो आणि दुसरा टॉमीत पाइप घालून नट फिरवतो. सहा फुटी रोटाव्हेटरला बहुधा 42 पाती असतात आणि प्रत्येक पात्याला दोन बोल्ट. म्हणजे पात्यांचा एक संच बदलायचा तर 84 नट सोडायचे आणि 84 पुन्हा आवळायचे. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यांतली ही काळी, चिकण जमीन लोखंड झपाट्याने खाते. शिवाय ती पाणी धरून ठेवते. ओली माती नटाभोवती घट्ट बसते, तिथे गंज चढतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तो नट हाताला दाद देत नाही.

गंगाखेड, पाथरी, सोनपेठ भागातल्या ऊसवाहतुकीत आणखी एक अडचण आहे. भरलेल्या ट्रॉलीचा टायर रात्री रस्त्यात बसतो. चाकाचे नट जाम असतात आणि सोबत एकच माणूस असतो. जवळच्या पंक्चरच्या दुकानात हवेवर चालणारी गन आठ-दहा नट काही क्षणांत मोकळे करते, हे त्याने पाहिलेले असते. अशी गन घरी असावी असे त्याला वाटले तर त्यात नवल नाही. पण बाजारात गेल्यावर डबे दिसतात तऱ्हेतऱ्हेचे. एकावर 88 व्होल्ट छापलेले, दुसऱ्यावर हजार न्यूटन-मीटर, तिसऱ्यावर नुसतेच 'हेवी ड्युटी'. यातले काय बघायचे आणि काय सोडून द्यायचे, हे ठरवायला आधी ही गन आत काय करते ते समजले पाहिजे.

शेतकऱ्याला तिचे तत्त्व नवे नाही. पाइप लावूनही नट सुटत नसला तर तो पान्याच्या टोकावर घण मारतो. सलग जोर लावून न हललेला नट चार फटक्यांत हलतो, कारण फटका क्षणभरच बसतो आणि त्या क्षणापुरता जोर फार मोठा असतो. इम्पॅक्ट गनमध्ये मोटरीच्या पुढे एक जड पोलादी हातोडा असतो, मागे स्प्रिंग असते आणि पुढे ज्यावर गोटी (सॉकेट) बसते तो दांडा. नट सैल असतो तोवर सगळे एकत्र फिरते. अडथळा वाढला की हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, दांड्याच्या खांद्यावरून निसटतो आणि वेग घेऊन पुढच्या खांद्यावर आदळतो. विजेच्या गनमध्ये हे मिनिटाला दोन ते तीन हजार वेळा घडते. ऊर्जा फटक्या-फटक्याने नटाकडे जात असल्याने धरणाऱ्याच्या मनगटाला फारसा पीळ बसत नाही. ड्रिल मशीन अडकले की हात पिरगळते, तसे इथे होत नाही. पन्नाशी-साठी ओलांडलेला शेतकरीही ही गन धरू शकतो, आणि तिचे मोल मला तिथेच सर्वांत जास्त वाटते.

आता न्यूटन-मीटर. सत्तर किलोचा माणूस एक मीटर लांब पाइपच्या टोकावर पूर्ण भार देऊन उभा राहिला, तर नटावर सुमारे 690 न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. हा हिशेब लक्षात ठेवला की डब्यावरचा आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो. जुन्या पुस्तिकांत हेच माप किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेले असते. त्याला 9.8 ने गुणले की न्यूटन-मीटर मिळतात. फूट-पाउंड दिले असतील तर 1.36 ने गुणायचे.

खरेदीची सुरुवात दुकानातून न करता स्वतःच्या ट्रॅक्टरपासून करावी. कोणते नट नेहमी खोलावे लागतात ते आधी पाहावे. 8.8 दर्जाचा, म्हणजे डोक्यावर तसा आकडा कोरलेला, 10 मिलिमीटरचा बोल्ट साधारण 50 न्यूटन-मीटरला आवळतात. 12 चा सुमारे 85 ला, 14 चा 135 च्या आसपास आणि 16 चा 200 च्या थोडा पुढे. रोटाव्हेटरची पाती, मोगड्याचे फाळ, पेरणी यंत्राच्या कड्या हे सगळे बहुतेक 10 ते 14 च्या घरातले काम. चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे नट मात्र सर्वसाधारणपणे 200 ते 300 न्यूटन-मीटरला आवळलेले असतात. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो आणि तोच प्रमाण मानावा. गंज बसला की सोडायला लागणारा जोर आवळण्याच्या जोरापेक्षा बराच वाढतो, दुप्पटही होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असते. आट्यांमधली फट भरून तो नटाला पाचरीसारखा आवळून धरतो.

मागची चाके काढायचे काम पंक्चरपुरते नसते. कपाशीच्या ओळींतून कोळपणी करायची तर दोन चाकांमधले अंतर ओळींना जुळवावे लागते. त्यासाठी चाकाची तबकडी उलटी बसवतात किंवा रिमचे बोल्ट खोलून तिची जागा बदलतात. कपाशी आणि सोयाबीन दोन्ही घेणाऱ्या घरात हे काम हंगामातून एकदा तरी निघते. अलीकडे आंतरमशागतीसाठी पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर गावागावांत आले आहेत. महिंद्राचा युवराज, कुबोटाचा निओस्टार ही त्यातली ओळखीची नावे. त्यांचे नट लहान असतात. ज्याच्याकडे फक्त असा छोटा ट्रॅक्टर आहे त्याने हजार न्यूटन-मीटरची गन घेणे म्हणजे पैसे वाया घालवून वर बोल्ट तोडण्याची सोय करून घेणे होय.

यावरून निवड बरीच सोपी होते. गनचा चौकोनी दांडा अर्धा इंच, पाऊण इंच किंवा एक इंच असतो. पाती, फाळ, छोटा ट्रॅक्टर आणि पुढची चाके एवढेच काम असेल तर अर्ध्या इंचाची 250 ते 400 न्यूटन-मीटरची गन पुरते. बॉशची वायरवाली जीडीएस 18 ई ही 500 वॉटची गन 250 पर्यंत जाते. मकिताची टीडब्ल्यू 0350 ही 400 वॉटची गन 350 पर्यंत. मागची मोठी चाके आणि ट्रॉली यांसाठी 600 च्या आसपासचे किंवा पुढचे काही हवे. बॉशची जीडीएस 24 ही 800 वॉटची, पाऊण इंची, 600 न्यूटन-मीटरची गन त्या वर्गातली. मकिताची 6906 साधारण त्याच ताकदीची. बॅटरीवरच्या गनमध्ये अर्ध्या इंचातच ही ताकद आता मिळते. मकिताची डीटीडब्ल्यू 1002 आवळताना 1000 आणि सोडताना 1600 न्यूटन-मीटर सांगते, तर डिवॉल्टची डीसीएफ 899 आवळताना 950 आणि सोडताना 1625. एक इंची गन ट्रकवाल्यांची. घरच्या ट्रॅक्टरला ती जड पडते आणि तिच्या गोट्याही महाग.

एकाच गनला दोन आकडे का असतात? पहिला आकडा नट आवळताना मिळणारा पीळ, दुसरा आवळलेला नट सोडतानाचा क्षणिक झटका. दुसरा नेहमी मोठा असतो, म्हणून जाहिरातीत तोच ठळक छापतात. दोन गनांची तुलना करताना एकीचा पहिला आणि दुसरीचा दुसरा आकडा समोरासमोर ठेवू नये. कोणत्याही गनचा आकडा आखूड गोटी थेट दांड्यावर बसवून मोजलेला असतो, हेही विसरू नये. मध्ये लांब एक्स्टेंशन घातले की पोलाद किंचित पिळते आणि फटक्याचा बराच भाग त्यातच जिरतो. चाकाच्या खोल तबकडीतला नट एक्स्टेंशनशिवाय गाठता येत नसेल, तर थोडी जास्त ताकदीची गन घेण्याला अर्थ आहे. त्याहून चांगले म्हणजे लांब गोटी वापरणे.

वीज, हवा की बॅटरी हा प्रश्न परभणीत पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा सोडवावा लागतो. वायरवाली गन किमतीला परवडते, वर्षानुवर्षे टिकते आणि तिचे कार्बन झिजले तर मोटर बांधणारा कोणताही कारागीर ते बदलून देतो. पण तिला घरापाशी वीज हवी आणि तीही पुरेशा दाबाची. संध्याकाळी गावठाणात दाब 230 वरून 180 व्होल्टपर्यंत उतरला की अशा मोटरीचा जोर ढोबळमानाने चाळीस टक्क्यांपर्यंत घटू शकतो. सकाळी सहज सुटलेला नट रात्री सुटत नाही, आणि दोष गनवर जातो. लांबच लांब बारीक वायर ओढून शेतात गन चालवली तरी हाच परिणाम होतो. अडीच चौरस मिलिमीटरची जाड वायर घ्यावी आणि ती होईल तितकी आखूड ठेवावी.

हवेच्या गनचे तंत्र निराळे. ती वजनाला हलकी, रचनेला साधी आणि धूळ-उन्हाला दणकट असते. तिला सुमारे 6 बार, म्हणजे 90 पीएसआय दाबाची हवा लागते आणि ती हवा भराभर खाते. एकसारख्या कामाला दोन अश्वशक्तीचा लहान कंप्रेसर पुरा पडत नाही. टाकीतल्या साठ्यावर एका चाकाचे नट सुटतात, मग टाकी भरेपर्यंत थांबावे लागते. घरच्या कामाला एवढे थांबणे चालते. टायरमध्ये हवा भरायला किंवा रेडिएटर आणि एअर फिल्टर झाडायला ज्याने आधीच कंप्रेसर घेतला आहे, त्याच्यासाठी हवेची गन हीच सर्वांत स्वस्त निवड. कंप्रेसर नसेल तर फक्त गनसाठी तो घेणे मला पटत नाही. पावसाळ्यात टाकीत पाणी साठते. ते रोज काढून टाकायचे आणि काम सुरू करण्यापूर्वी गनच्या तोंडात तेलाचे दोन-चार थेंब सोडायचे, एवढे पथ्य पाळले की ती बिघडत नाही.

शेतात, बांधावर, रात्री रस्त्यात उपयोगी पडते ती बॅटरीची गन. फसगतही तिच्यातच सर्वांत जास्त होते. 'व्हीएफ' अक्षरे लावून 48, 88, 128 असे आकडे छापलेल्या स्वस्त गन ऑनलाइन आणि आठवडी बाजारात सर्रास मिळतात. त्यांचे खरे व्होल्ट ओळखायची सोपी खूण चार्जरवर असते. लिथियमचा एक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट दाखवतो. चार्जरवर 21 व्होल्ट लिहिले असतील तर आत पाच सेल ओळीने जोडलेले आहेत. ती साधी 18 व्होल्टची गन झाली, मग डब्यावर 88 लिहा की 188. नामवंत कंपन्यांच्या '18 व्होल्ट' आणि '20 व्होल्ट मॅक्स' या नावांतही पाचच सेल असतात. पहिला आकडा चालू स्थितीतला, दुसरा पूर्ण भरल्या क्षणाचा. अँपिअर-अवरचेही तसेच. 18650 मापाचा चांगल्यातला चांगला सेल साधारण साडेतीन अँपिअर-अवर साठवतो. असे पाच सेल असलेल्या पॅकवर 15000 मिलिअँपिअर-अवर छापलेले असतील तर तो दावा खरा असूच शकत नाही. दहा सेलच्या पॅकमध्ये नुसत्या सेलचेच वजन अर्धा किलोच्या जवळ भरते. पॅक हातात घेऊन पाहिला तरी निम्मा उलगडा होतो.

या जिल्ह्यातला मे महिना बॅटरीचा खरा शत्रू आहे. पारा 44-45 अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या ट्रॅक्टरची पत्र्याची पेटी त्याहून कितीतरी तापते. त्या पेटीत बॅटरी ठेवली की तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावणे तर अधिकच वाईट. घरात, सावलीत, अर्धवट भरलेल्या स्थितीत ठेवावी आणि गार झाल्यावरच चार्ज करावी. गन घेताना बिनकार्बनची, म्हणजे ब्रशलेस मोटर असलेली घ्यावी. तीच बॅटरी कटर आणि ड्रिललाही चालते का, आणि सर्व्हिस सेंटर परभणीत आहे की नांदेडला जावे लागेल, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात 18 मेच्या स्थापनादिनी खरिपाचा आणि 17 सप्टेंबरला रब्बीचा मेळावा भरतो. तिथे किंवा दुकानात विक्रेत्याला गन चालवून दाखवायला सांगण्यात संकोच करू नये. घरचा गंजलेला नट-बोल्ट सोबत नेला आणि तो शिकंज्यात पकडून सोडवून दाखवायला लावला, तर छापील आकड्यापेक्षा खरे उत्तर मिळते.

गनइतकेच लक्ष गोट्यांकडे हवे. घरातल्या चकचकीत, क्रोमचा मुलामा दिलेल्या गोट्या हाताच्या रॅचेटसाठी असतात. त्यांचे पोलाद कडक पण ठिसूळ. गनच्या फटक्यांनी त्या तडकतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. गनसाठी काळ्या रंगाच्या, जाड भिंतीच्या, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या गोट्या येतात. त्या सहा कोनांच्याच घ्याव्यात. बारा कोनांची गोटी गोल झालेल्या नटावर घसरते आणि नट कायमचा बिघडतो.

मापांचा घोळ आपल्या ट्रॅक्टरांच्या वंशावळीतून आला आहे. महिंद्राने 1963 मध्ये अमेरिकी इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत ट्रॅक्टरचा कारखाना उभारला. मद्रासच्या टाफेने 1960 पासून मॅसी फर्ग्युसन आणला. या घराण्यांच्या जुन्या ट्रॅक्टरांवर इंची बोल्ट पुष्कळ सापडतात. 1974 मध्ये आलेला स्वराज मात्र देशातच, दुर्गापूरच्या संशोधन संस्थेत घडलेल्या आराखड्यावर बनला. एकाच अंगणात मॅसी ट्रॅक्टर आणि नवा रोटाव्हेटर असेल तर दोन्ही मापे लागतात. काही मापे एकमेकांना चालतात. पाऊण इंच म्हणजे 19 मिलिमीटर, पंधरा सोळांश इंच जवळजवळ 24 आणि एक पूर्णांक एक सोळांश इंच म्हणजे 27. पण सात अष्टमांश इंचाच्या नटावर 22 ची गोटी बसतच नाही, आणि अर्ध्या इंचावर 13 ची गोटी ढिली होऊन कोपरे झिजवते. सुरुवातीला 17, 19, 22, 24, 27 आणि 30 एवढ्या सहा गोट्या घ्याव्यात आणि स्वतःच्या ट्रॅक्टरवर मोजून लागतील त्या इंची मापांची भर घालावी. नव्या बोल्टांत 12 च्या बोल्टाला 18 चे आणि 14 च्या बोल्टाला 21 चे डोकेही येते, म्हणून मोजल्याशिवाय काहीच विकत घेऊ नये.

सगळ्यांत महत्त्वाचे यापुढे आहे. गन नट सोडण्यासाठी आहे. शेवटची आवळणी तिच्यावर सोपवू नये. नट आवळताना लावलेल्या जोरातला ढोबळमानाने नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो. काही डोक्याखाली, बाकीचा आट्यांत. बोल्ट ताणून धरायला उरतो फक्त दहावा हिस्सा. आट्यांना तेल लागले की घर्षण घटते आणि तेवढ्याच जोरात बोल्ट भलताच ताणला जातो. 600 न्यूटन-मीटरची गन 12 च्या बोल्टावर आणखी क्षणभर दाबून धरली की बोल्ट ताणून तुटतो किंवा आटे जातात. त्याहून वाईट म्हणजे कधी तो तेव्हा तुटत नाही, नांगरट चालू असताना तुटतो. चाकाच्या स्टडबाबत ही शक्यता जीवघेणी आहे. म्हणून नट आधी हाताने दोन-तीन आटे बसवावा, गनने नुसता टेकेपर्यंत न्यावा आणि शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे पीळ मोजणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळावा. 60 ते 300 न्यूटन-मीटरचा टॉर्क पाना घरात असावा. मोठी गन आणि टॉर्क पाना एकदम परवडत नसतील तर लहान गन आणि टॉर्क पाना घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

हेडचे बोल्ट, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, डिझेल पंप आणि इंजेक्टरचे नट, हायड्रॉलिकच्या पाइपांची जोडणी, अ‍ॅल्युमिनियमच्या घरातले बोल्ट यांना गन लावूच नये, सोडतानाही नाही. तिथे हाताला जाणवणारी माहिती लागते आणि ती फटक्यात मिळत नाही.

जाम नटाला गन लावण्याआधी गंज सोडवणारे तेल किंवा किमान डिझेल रात्रभर लावून ठेवावे, तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत आणि गन पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सलग चालवू नये. एकदा सोडवायच्या आणि एकदा आवळायच्या दिशेने थोडे-थोडे हलवले की गंजाचा भुगा होऊन वाट मोकळी होते. तरीही हलला नाही तर तो गॅसने तापवणाऱ्याकडे न्यावा. टायर चढवलेल्या रिमला मात्र ज्योत कधीही दाखवू नये. तापलेला टायर फुटून माणसे दगावतात.

चाक उतरवण्यापूर्वीची तयारी घाईत राहून जाते. काळ्या मातीत जॅक खचतो, म्हणून त्याखाली रुंद, जाड फळी हवी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावाव्यात. ट्रॅक्टर उचलल्यावर अ‍ॅक्सलखाली भक्कम ठोकळा द्यावा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले असते. 13.6-28 मापाच्या टायरमध्ये ते दीडशे लिटरच्या पुढे मावते. म्हणजे चाकाच्या स्वतःच्या वजनावर दीड क्विंटल पाण्याचा बोजा. असे चाक कलले तर एका माणसाला सावरत नाही. नट सोडण्याची सुरुवातही चाक जमिनीवर असतानाच करावी. डोळ्यांवर चष्मा हवा आणि कानांत बोळे हवेत. पत्र्याच्या शेडमध्ये गनचा आवाज कान बधिर करण्याइतका घुमतो.

चाकाचे अंतर बदलून नट टॉर्कने आवळले तरी काम संपत नाही. रंग, गंज आणि माती यांचे थर तबकडीखाली दबतात आणि पहिल्या तास-दोन तासांच्या कामात नटांचा ताण उतरतो. त्यामुळे पहिल्या दिवशी औताच्या मध्यावर एकदा आणि संध्याकाळी एकदा टॉर्क पाना पुन्हा फिरवावा, समोरासमोरचे नट आळीपाळीने घेऊन. रोटाव्हेटरच्या नव्या पात्यांचे बोल्टही पहिले एकर झाल्यावर रिंग पान्याने तपासावेत.